भिंतीमागचा जोडीदार

"हा माणूस भिंतीमागून बाहेर पडेल तर शपथ," लेक दातांतल्या दातांत पुटपुटली.

बापाला ऐकू जाऊ नये इतक्याच हळू ती बोलली होती. पण खोली ती केवढी! सोफ्याच्या पाठीला लागून शिलाईचं यंत्र, आणि यंत्रावर आई. कुठल्याशा लॉजच्या उशांचे अभ्रे शिवत बसलेली. पोरीचा शब्द थेट तिच्या कानात उतरला आणि सुई नको तिथे दोन टाके जास्त धावली.

टीव्हीचे आडवे दोन भाग झाले होते. वरच्या अर्ध्यात बापाचा सैनिक, खालच्या अर्ध्यात लेकीचा. पडझड झालेलं कुठलंसं शहर, उलटलेल्या मोटारी, वाळूची पोती, धूर. लेकीचा सैनिक केव्हाच रस्ता ओलांडून कोरड्या कारंज्याच्या कठड्याआड जाऊन बसला होता. बापाचा सैनिक अजून पहिल्याच भिंतीला पाठ चिकटवून उभा.

"बाबा, निघा आता. मोकळं आहे सगळं."

"निघतो ना. घाई कसली? लढाई आहे, लग्न नव्हे."

"लग्नाला तरी वेळेवर पोचला होतात का?"

"छे," आई यंत्रामागून म्हणाली. "माझे काका रस्त्यावर जाऊन उभे होते वाट बघत."

तो हसला. हसता हसता त्याने अंगठ्याने बटण दाबलं, त्याचा सैनिक भिंतीपासून सुटला आणि कारंज्याकडे जायचं सोडून भलतीकडेच चालायला लागला. धावलासुद्धा नाही. बागेत फिरायला निघाल्यासारखा सरळ मशिनगनच्या तोंडाशी गेला. टीव्हीचा वरचा भाग कडेकडेने लाल झाला आणि मग काळा.

"बाबा! तिकडे कुठे? ती काय समोर मशिनगन!"

"तू बोलत नाहीस गं," आई म्हणाली. "त्यांच्याशी बोलत राहावं लागतं. कोण कुठे आहे, कुठून येतोय, ते सांगत राहायचं."

"त्यात सांगायचं काय, आई? समोर दिसतंय ना सगळं!"

यंत्राचं चाक थांबलं. टीव्हीवर पांढरी अक्षरं येऊन उभी राहिली होती, पुन्हा खेळायचं का म्हणून विचारत. कुणीच बटण दाबेना. बापाने कंट्रोलर उगीच पुसल्यासारखा केला, सदऱ्याच्या टोकाने.

"चहा टाकते," आई म्हणाली आणि उठली. काही बोलायचं टाळायचं असलं की चहा टाकायचा, ही त्या घराची जुनी युक्ती. अलीकडे त्या घरात फार चहा व्हायला लागला होता.

हा खेळ लेकीचा. दुसऱ्या गावी नोकरी लागली तेव्हा ती तो खोक्यात भरून ठेवून गेली. बापाने महिन्याभरात खोकं फोडलं. "यंत्र पडून राहिलं की बिघडतं," हे त्याचं कारण. क्रेन चालवणाऱ्या माणसाचं कारण ते, त्याच्यापुढे कोण काय बोलणार? थोडे दिवस एकटाच खेळला, मग एका संध्याकाळी दुसरा कंट्रोलर बायकोपुढे धरला. "जोडीने खेळायचा आहे हा. एकट्याने मजा नाही."

ती आधी हसली. मग शिकली. शिकताना तिने त्या खेळाला, तो करणाऱ्याला आणि करणाऱ्याच्या आईला पुष्कळ बोल लावले. पण महिना-दोन महिन्यांत तिला त्याची मेख कळली. या लढाईत शूर माणूस पहिला मरतो. जगतो तो आडोसा धरणारा. भिंत दिसली की पाठ टेकायची, डोकं खाली, शत्रू गोळ्या भरायला थांबला की तेवढ्यात डोकावून दोन झाडायच्या आणि पुन्हा खाली. जखम झाली तरी बिघडत नाही. थोडा वेळ भिंतीला टेकून गप्प बसलं की आपोआप भरून येते. हे ज्याने रचलं त्याला कधी सुई टोचली नसावी, असं तिचं मत होतं. आणि एक सैनिक पडला तर दुसऱ्याने जाऊन त्याला उठवायचं, वेळ संपायच्या आत. नाही उठवलं तर दोघांचाही डाव संपला.

ती पुढे जायची, तो मागून. ती बोलत राहायची. "डावीकडे एक, मोटारीमागे! वर खिडकीत बघा, खिडकीत! आता निघा, पळा, पळा, थांबा, वाका!" ती सांगेल तिथे तो नेमकी गोळी घालायचा. शेजारीण एकदा दार वाजवून विचारून गेली, घरात सगळं ठीक आहे ना म्हणून.

आयुष्यभर हा माणूस रस्त्याने तिच्या चार पावलं पुढे चालला होता. आता या खेळात तो तिच्या मागे चालत होता आणि म्हणत होता, "आधी तू." तिला ते गोड लागलं. मग ते खेळाबाहेरही आलं. बाजारात गर्दी असली की तो तिचं कोपर धरायचा. जिना उतरताना तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. वर्तमानपत्र तिच्यापुढे सरकवून म्हणायचा, "तूच वाच. तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं." तिने मोठ्या कौतुकाने बहिणीला फोन करून सांगितलं, "अगं, म्हातारपणी नवऱ्याला पालवी फुटलीय."

बहीण म्हणाली होती, "नशीबवान आहेस."

खूळच ते, तसं मानणं. पण कुठल्या बाईला सुचलं असतं दुसरं?

सोफा टीव्हीच्या जवळ जवळ सरकत आला, तेव्हाही तिने यंत्राला जागा झाली म्हणून आनंदच मानला. सुया मात्र तिच्या जिव्हारी लागल्या. तिची जवळची नजर गेल्यापासून सकाळी कामावर जायच्या आधी तो तिला सुया ओवून ठेवायचा. पांढरा दोरा, काळा दोरा, निळा दोरा, टाचणीच्या गादीवर रांगेने खोचून. साइटवर त्याला सगळे 'घार' म्हणायचे. उंच क्रेनच्या टोकाशी काचेच्या केबिनमध्ये बसून खाली जमिनीवर पडलेला खिळा दाखवणारा माणूस, त्याला सुईचं नेढं ते काय? आणि एके दिवशी तिने गादी पुढे केली तर तो म्हणाला, "आज तूच ओव. घाईत आहे." तो घाईत नव्हता. मोजे हातात घेऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही, त्यानेही गादी मागितली नाही. तिने सुई ओवायचं तारेचं साधन विकत आणलं आणि खणात, कापडाच्या तुकड्यांखाली लपवलं. चोरासारखं.

चहा उकळून वर आला तेव्हा लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "मी केस कापलेत."

"बघितलंय मी. मानेवर छान दिसतात."

"कमरेपर्यंत वेणी होती माझी. काल स्टँडवर न्यायला आले होते ना बाबा, मी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले. मी हाक मारेपर्यंत..." तिने वाक्य तिथेच ठेवलं. "काही बोलले नाहीत केसांबद्दल."

"लक्षात आलं नसेल. पुरुषांच्या कुठे लक्षात येतं?"

लेकीने आईकडे बघितलं. आईने गाळणीकडे बघितलं.

तेवढ्यात बेल वाजली.

आला तो शिट्टी. घारीचा साइटवरचा जोडीदार. वायरलेस यायच्या आधी तोंडात शिट्टी धरून इशारे द्यायचा म्हणून शिट्टी. खाली उभं राहून वरच्या माणसाला सांगायचं, उचल, थांब, उजवीकडे घे, सोड. पुष्कळदा इमारतीच्या पाठीमागे माल उतरवताना केबिनमधून काहीच दिसत नाही, तेव्हा वरचा माणूस खालच्याच्या आवाजावर चालतो. हे दोघं इतकी वर्षं एकमेकांच्या आवाजावर चालले होते, की शिट्टीला सर्दी झाली तर घार वरून ओळखायचा.

"काय घारोबा, लढाई चाललीय वाटतं!" शिट्टी चपला काढता काढता म्हणाला. मग त्याची नजर लेकीकडे गेली. "अगं अगं, वेणी कुठे गेली तुझी?"

"वेणी कुठे गेली म्हणजे?" बाप म्हणाला.

बापाने मान थोडी वळवली. लेकीकडे बघितलं ते अगदी तिच्याकडे नाही, तिच्या कानाच्या थोडं बाजूला. मग घाईघाईने म्हणाला, "हां, हां. मीसुद्धा हेच विचारणार होतो काल. बरी दिसतेस. उन्हाळ्यात बरं ते."

"हो ना बाबा," लेक म्हणाली. तिने पटकन कप उचलून शिट्टीच्या हातात दिला.

शिट्टी सोफ्याच्या टोकाला अवघडून बसला. चहाचं कौतुक केलं, अभ्र्यांचं केलं, लेकीच्या गावाची हवा विचारली. आईने त्याला पुरतं ओळखलं. हा माणूस मनातलं काहीतरी टाकायला आलाय आणि टाकायला जागा सापडत नाहीये.

"बोला की भाऊजी," ती म्हणाली.

"काही नाही वहिनी. एवढंच, की उद्यापासून मी गेटवर. आल्या-गेल्या गाड्या बघायच्या. खुर्ची आहे बसायला. आराम आहे."

"गेटवर? आणि ह्यांना इशारे कोण देणार?"

"नवा माणूस घेतलाय. हुशार आहे." शिट्टीने कप खाली ठेवला. "मोजकंच बोलतो."

घारीने पाय जवळ घेतले.

"पण तुम्हाला का हलवलं, काका?" लेकीने विचारलं.

"परवा एक तुळई मचाणाला घासली. लोखंडी. मचाणावर दोघं फिटर होते, पालथे पडले म्हणून वाचले. एकाचं हेल्मेट खाली गेलं, नुसतं हेल्मेट." त्याने गुडघ्यावर हात फिरवला. "माझा इशारा उशिरा गेला."

"वेळेवर गेला होता," घार म्हणाला. खाली बघत.

"उशिरा गेला. साहेबांना मी तसंच सांगितलंय आणि ते तसंच राहील."

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. परवा तो घरी आला, जेवला, तिच्याबरोबर खेळला. त्या संध्याकाळी त्यांनी पुलावरची अख्खी तुकडी मारली होती, आणि तिने त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

"नवीन माणसालाही होईल सवय," शिट्टी म्हणाला. "पूर्वी मी तरी कुठे बोलायचो? दिवसाकाठी चार शब्द. उचल, सोड, संपलं. आता संध्याकाळपर्यंत घसा बसतो माझा. सगळं सांगावं लागतं, पाइप कुठे उभे आहेत, माणूस कुठून चाललाय..."

तो मध्येच थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याचं त्यालाच कळलं.

"चला," घार मोठ्याने म्हणाला, "एक डाव होऊन जाऊ दे. शिट्टी, बघ तरी आमच्या हिचा नेम. तू साइट विसरशील."

लेकीने काही न बोलता आपला कंट्रोलर आईच्या हातात दिला.

पुन्हा तेच शहर, तीच भिंत. आईने सवयीने तोंड उघडलं. "मी पुढे जाते. तुम्ही थांबा. डाव्या मोटारीमागे कुणी नाही. आता या, सरळ, सरळ, थांबा, पोती आली, वाका." तो आला. वाकला. सरळ रेषेत, ऐटीत. कंट्रोलरवर त्याची बोटं हलकी होती, क्रेनचे दांडे धरणाऱ्या माणसाची बोटं. लेक त्याच्याकडे बघत होती. मघाशी तिच्याबरोबर बागेत फिरल्यासारखा मेलेला माणूस तो हाच का, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

शिट्टी पुढे झुकला. त्याने असला खेळ जन्मात बघितला नव्हता. पण धुरातून एक शिपाई पिंपाआडून डोकं काढताना दिसला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "उजवीकडे, पिंपामागे!"

आईच्याही तोंडून नेमकं तेच, त्याच क्षणी. दोघांचे आवाज एकात एक मिसळले.

गोळी सुटली. शिपाई पडला. नेम अचूक.

आईने मान वळवून शिट्टीकडे बघितलं आणि शिट्टीने तिच्याकडे. एकाच घरात निरनिराळ्या खिडक्यांतून शिरलेले दोन चोर अंधारात एकमेकांवर आदळावेत, तसं झालं. तुम्हीपण? हो, मीपण. कधीपासून? विचारू नका.

तिला वाटत होतं ही टकळी आपल्या घरची, आपल्या दोघांची, सोफ्यावरची. आणि इकडे हा दुसरा माणूस दिवसभर, उन्हात मान वर करून, हेच करत होता. घरी ती, तिथे हा. मधल्या बसच्या प्रवासात बहुतेक कुणीतरी तिसरा, कुठली बस आली ते सांगणारा. सगळ्यांनी मिळून त्याच्याभोवती भिंती बांधल्या होत्या आणि तो एकीमागून दुसरीमागे जात होता.

उद्या सकाळी मात्र खाली मोजकं बोलणारा माणूस उभा असणार. आणि हुकाखाली ते फिटर. त्यांचीही वाट बघणारं कुणीतरी असेलच, कुणाचं तरी कोपर धरून चालणारे असतील तेही.

ती गप्प झाली.

गप्प झाली आणि तिने तिचा सैनिक मोकळ्या रस्त्यावर काढला. आडोसा नाही, काही नाही. तिच्यासारखी मुरलेली बाई असं करणार नाही हे लेकीलासुद्धा कळलं. "आई, अगं..." ती म्हणाली. आईने मान हलवली, नको म्हणून.

गोळ्या आल्या. तिचा सैनिक गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. हातातला कंट्रोलर थरथरला. खालच्या अर्ध्या भागात सगळं करडं पडलं आणि मधोमध एक वर्तुळ हळूहळू आटायला लागलं. ते आटायच्या आत जोडीदाराने यायचं असतं.

"पडलीस वाटतं," तो म्हणाला. खेळात एक विव्हळण्याचा आवाज येतो, त्यावरून त्याने ओळखलं. "आलो. कुठे आहेस?"

ती बोलली नाही.

त्याचा सैनिक पोत्यांमागून निघाला. ती त्याच्या समोर होती, अगदी नाकासमोर, रस्त्याच्या मधोमध. तिच्या डोक्यावर हिरवा बाण नाचत होता, आंधळ्यालाही दिसेल असा, असं तिच्या मनात आलं आणि तिने ओठ गच्च मिटले.

"अगं, कुठे आहेस? डावीकडे का?"

शिट्टीचा हात सवयीने तोंडाशी गेला, वायरलेस धरल्यासारखा. त्याने तो मुठीत आवळून मांडीवर ठेवला. लेकीने बापाच्या दंडाला धरायला हात पुढे केला आणि तसाच हवेत ठेवला.

त्याचा सैनिक तिच्या सैनिकाजवळून गेला. इतक्या जवळून, की दोघांच्या सावल्या एक झाल्या. आणि पुढे निघून गेला. पुढे जाऊन थांबला. इकडे वळला, तिकडे वळला.

"बोल की गं," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात खेळ नव्हता. "तू बोलत का नाहीस?"

तिच्या घशात सगळे शब्द तयार होते. समोर, मागे वळा, दोन पावलं, हे काय, इथेच तर आहे. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने हाक मारली आणि ती ओ देत नाही, असं कधी झालं नव्हतं. डोळ्यांतून पाणी ओघळून कंट्रोलरवर पडलं, तरी तिने ओ दिली नाही.

वर्तुळ आटलं. दोन्ही भाग काळे झाले. स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू यायला लागला.

तो तसाच बसून राहिला, टीव्हीकडे तोंड करून. मग त्याने कंट्रोलर बाजूला ठेवायला हात नेला. सोफ्याची कड चाचपडून बघितली आणि मगच ठेवला. लपवायचा प्रयत्न केला नाही.

"हे तू मुद्दाम केलंस," तो बायकोला म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. मग तोंड शिट्टीच्या आवाजाच्या दिशेला, थोडं चुकून खिडकीकडे, वळवलं.

"शिट्टी, उद्या तू गेटवर बसू नकोस. माझ्याबरोबर साहेबांकडे चल. इशारा वेळेवर आला होता, हे त्यांना सांगायचंय. तुळई मीच मचाणावर नेली." त्याने दोन्ही तळहात डोळ्यांवरून खाली ओढले. "कडेचं थोडं कळतं. मधलं सगळं गेलंय. मला दिसत नाही."